हत्तीचे चार मिलिमीटर

१

शनिवारी संध्याकाळपर्यंत हत्ती भिंतीच्या वरून दिसत होता. रविवारी सकाळी तो दिसेना. एवढ्याशा कारणानं उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये पंधरा-सोळा शहाणीसुरती माणसं एका टेबलाभोवती श्वास धरून उभी होती.

हत्ती बोटभर उंचीचा. भिंत थर्माकोलची. बाहेर २०१६ चा मे महिना, नळाला पाचव्या दिवशी पाणी, जायकवाडीचा तळ उघडा पडलेला. आणि ही मंडळी दोन दिवस पंख्याखाली लढाया खेळत होती. सत्यभामाबाईंना पहिल्या वर्षी हा सगळा प्रकार खुळचट वाटला होता. बहिणीचा मुलगा देवेश ही स्पर्धा भरवतो म्हणून त्या डबा घेऊन आल्या, कोपऱ्यात बसल्या, आणि कोण फुटपट्टी तिरकी धरतंय हे त्यांना तिथूनच दिसायला लागलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं परीक्षानळ्या धरलेला हात आणि डोळा. तो निवृत्तीनंतर काय करणार? तिसऱ्या वर्षी त्या स्पर्धेच्या अधिकृत मोहरे-तपासनीस झाल्या. देवेशमुळं सगळी पोरं त्यांना मावशी म्हणत.

खेळ असा: दोघांनी आपापलं सैन्य मांडायचं, मोजून पुढं सरकायचं, फासे टाकायचे. आपल्या मोहऱ्यामागं वाकून डोळा लावायचा. शत्रूचा मोहरा दिसला तर त्याच्यावर तोफ डागता येते. भिंतीआड गेला तर वाचला. म्हणून मोहऱ्याच्या उंचीला सोन्याचा भाव. कंपनीचे मोहरे परदेशातून येत, महाग पडत. मग बरेच जण खेळण्यांचे तुकडे जोडून, एम-सील थापून आपले मोहरे घरी घडवायचे. त्याला सगळे ‘कन्व्हर्जन’ म्हणत. ते चालायचं, पण उंची कंपनीच्या मूळ मोहऱ्याइतकीच हवी. सत्यभामाबाई स्पर्धेआधी व्हर्नियर कॅलिपरनं मोजायच्या, वहीत आकडा लिहायच्या आणि मोहऱ्याच्या गोल बेसखाली सही करायच्या.

हा हत्ती शाइस्ताचा. चोवीस वर्षांची मुलगी, शाळेत गणित शिकवायची. तिच्या सैन्यातले एकतीसच्या एकतीस मोहरे घरी घडवलेले. हत्तीचं धड खेळण्यातल्या डायनासोरचं, सोंड एम-सीलची, अंबारी अत्तराच्या बाटलीच्या टोपणाची, आणि अंबारीत तलवार उगारलेली किल्लेदारीण. त्याच्या जोरावर ती अंतिम सामन्यात पोहोचली होती. सामना दुपारी दोनला, मंदारशी. जिंकणारा पुढच्या फेरीसाठी बेंगळुरूला जाणार.

“सत्यभामाबाई, मोजा,” केशवराव म्हणाले.

केशवराव आष्टीकर म्हणजे या खेळाचे शहरातले आद्यपुरुष. बँकेतून निवृत्त, कमिटीचे अध्यक्ष, टेबलावरची भिंत त्यांनीच केलेली. “काल अंबारीचा कळस माझ्या भिंतीवर दिसत होता. आज बघा. गायब!”

सत्यभामाबाईंनी आधी भिंत मोजली. केशवरावांच्या कपाळाला आठी पडली, पण भिंत कालच्याइतकीच निघाली. मग हत्ती मोजला. एकदा. पुन्हा एकदा.

“एकाहत्तर.”

“आणि वहीत?”

वही उघडायची गरज नव्हती, तरी त्यांनी उघडली. “पंचाहत्तर.”

टेबलाभोवती कुजबुज सुरू झाली. केशवरावांनी चष्मा काढून पुसला. “कमिटीचा ठराव सगळ्यांना माहीत आहे. कन्व्हर्जनबद्दल एक जरी तक्रार खरी निघाली, तर पुढच्या वर्षीपासून फक्त कंपनीचे मोहरे. बारा वाजता निर्णय. तोवर सत्यभामाबाईंना कोणाला काय विचारायचं ते विचारू दे.”

म्हणजे शाइस्ता आज बाद. आणि पुढच्या वर्षीपासून तिचं अख्खं सैन्य घरच्या शोकेसमध्ये.

ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं हत्ती उचलला, उलटा केला, पुढचे दोन पाय अंगठ्यानं चाचपले आणि सत्यभामाबाईंकडं बघितलं.

“मावशी, हे पाय माझ्या हत्तीचे नाहीत.”

२

हॉलला लागून एक ऑफिसची खोली होती. तिथं बेसिन, बेसिनखाली पाण्याचा निळा ड्रम, मोडतोड दुरुस्तीचा सामाईक डबा आणि देवेशचा लॅपटॉप. सत्यभामाबाईंनी शाइस्ताला आणि तिच्या मामांना तिथं बसवलं. शफीमामू चितेगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. पण घराणं बिदरी कामाचं, काळ्या भांड्यांवर चांदीची तार ठोकणाऱ्यांचं. हत्तीवरची नक्षी त्यांच्या हातची.

“आपा, पाय तोडून बघा,” ते म्हणाले. “मी आत चांदीची तार घातली होती. आता नसेल.”

“नसली तरी केशवराव म्हणतील, यांनीच तोडून जोडलंय.”

“हौ, वो तो बोलेंगेच,” मामूंनी मान हलवली. “आमच्याकडं ते असे बघतात की जसं काही आम्ही भंगार आणून सोन्याच्या दुकानात मांडलंय.”

“मामू!” शाइस्तानं दटावलं. “मावशी, आम्ही साडेपाचला निघालो. ट्रे टेबलावर ठेवला, वर चादर. नियमच आहे, सैन्य रात्री इथंच राहतं. सकाळी मी आले तेव्हा केशवकाका आधीच त्याच्यासमोर वाकलेले.”

सत्यभामाबाईंनी हत्ती खिडकीच्या उजेडात धरला. जोड सफाईदार होता. रंगही जुळलेला, राखाडीला राखाडी. तरी पुढच्या पायांवर काहीतरी वेगळं होतं. घडीच्या जागी, नखांच्या खाचेत, पांढुरकी भुकटी बसली होती. बादलीच्या कडेला साचते तशी. मागच्या पायांवर तिचा मागमूस नव्हता.

त्यांनी बोट लावून चिमटीत चोळलं. चोवीस वर्षं हेच तर पाहिलं होतं.

“रंगात पाणी कुठलं घालता तुम्ही?”

शफीमामू हसले. “बॅटरीत घालायचं असतं ना, ते. कारखान्यातून बाटली आणतो. आपा, बिदरीच्या घरात पाण्याचा भरोसा नाही धरत कोणी. खारं पाणी लागलं की सगळी नजाकत पांढरी पडते.”

“म्हणजे बोअरचं पाणी कधीच नाही?”

“तौबा!”

सत्यभामाबाईंनी बेसिनखालचा ड्रम बघितला. त्याच्या आतल्या बाजूला पांढरी रेघ होती. इथं पिण्याच्या पाण्याचे जार येत. हात धुवायला बोअरचं, नाहीतर टँकरचं.

पाय इथं रंगवले गेले होते. या बेसिनपाशी, कोणीतरी, काल सगळे गेल्यावर.

३

कडुबा हॉलचा वॉचमन. साठीचा, लुकडा, आणि पाण्याच्या बाबतीत एखाद्या तहसीलदाराइतका कडक. तो जिन्याच्या मधल्या वळणावर डालड्याच्या डब्यातल्या तुळशीजवळ उकिडवा बसला होता.

“बाई, तुमी तपास करताय ना? मग ह्याचा बी करा. माझ्या तुळशीत कोनी घान पानी टाकलं?”

तुळशीची माती राखाडी झाली होती. सत्यभामाबाई त्याच्याशेजारी वाकल्या. “कधी बघितलंस?”

“काल. सा वाजता टँकर आला. म्या खाली पाइप धरून व्हतो दोन घंटे. लई गर्दी, ती नवी बिल्डिंग झालीय ना मागं, तिथल्या बाया बी कळशा घिऊन आल्या. टँकर गेला, वर आलो, तर ह्ये.” त्यानं माती चिमटीत घेतली. “तसं मानूस भलं दिसतंय. पानी बेसनीत वतलं नाय, झाडाला घातलं. पर रंगाचं पानी झाडाला चालतं व्हय?”

“त्या दोन घंट्यांत वर कोण होतं?”

“देवेशसायेब व्हते, ते तर असतातच. केशवराव परत आले साडेसाला, भितीला रंग लावायला. हातात बुरूश, डबी. आन् मंदारसायेब पळत आले आन् पळत गेले, चार्जर इसरला म्हनून.”

“आणि तू?”

कडुबानं त्यांच्याकडं निरखून बघितलं. “मी खाली व्हतो म्हनलं ना. बाई, माझ्यावर नगा आनू. मी त्या बाहुल्यांना हात नाय लावत. एकदा लावला तर केशवराव म्हनले, तुझ्या पगारात भरून निघनार नाय.”

तेवढ्यात वरून केशवरावांचा आवाज आला. चांगला मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“टँकरच्या गडबडीत कडुबानंच पाडला असेल! सत्यभामाबाई, हॉलच्या मालकांना फोन लावतो मी. असा माणूस ठेवतात कशाला?”

कडुबा उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

४

केशवरावांना गाठायला त्या वर गेल्या, तर मंदार मध्ये आडवा आला. तिशीचा, सॉफ्टवेअरवाला, वाळूजकडं नवा फ्लॅट, सगळे मोहरे कंपनीचे, परदेशातून मागवलेले. शत्रूपक्ष म्हणून सगळ्यांच्या नजरा सकाळपासून त्याच्यावर होत्या आणि त्याला ते कळत होतं.

“मावशी, माझी चौकशी केव्हा? मी नाश्ता करून घेऊ का?”

“आत्ताच. काल परत कशाला आलास?”

“चार्जर. पावणेसात वाजले असतील. मग वेरूळला गेलो, सासूबाईंना घृष्णेश्वराचं दर्शन घडवायला. पाहिजे तर विचारा, त्या अजून माझ्यावर नाराज आहेत, उशीर झाला म्हणून.”

“हत्ती बुटका झाला तर तुझा फायदा काय?”

“बुटका झाला तर तोटा! माझ्या तोफांना दिसणारच नाही तो. आणि ती बाद झाली तर फायदा, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.” तो खुर्चीवर उलटा बसला. “पण खरं सांगू? मागच्या वर्षी मी तिच्याकडून हरलो. सात महिने मी फक्त तिला हरवायची तयारी करतोय. आता ती बाद होऊन मी बेंगळुरूला गेलो तर बायकोसुद्धा टाळ्या वाजवणार नाही.”

सत्यभामाबाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. “चार्जर घेताना तिच्या टेबलावर काय दिसलं?”

मंदारनं आठवून पाहिलं. “चादर. सपाट.”

“सपाट?”

“हो. बाकीच्या चादरींना उंचवटे असतात ना, खाली काय आहे ते कळतं. तिच्या चादरीला मधला उंचवटा नव्हता. मला वाटलं, घरी नेला हत्ती.”

म्हणजे पावणेसातला हत्ती जागेवर नव्हता. पाच मिनिटांत आलेला-गेलेला मंदार पाय घडवून, वाळवून, रंगवून जाणार नव्हता. उरले तीन. एक खाली टँकरपाशी, आणि दोन वर.

केशवराव भिंतीच्या बुरुजाला फुंकर घालत होते.

“हो, आलो होतो. कंगोरे उडाले होते, राखाडी रंग लावला. मग?” त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. “सत्यभामाबाई, मी चाळीस वर्षं हा खेळ खेळतोय. मला ही जोडकामं आवडत नाहीत, हे मी कधी लपवलं नाही. डायनासोरचा हत्ती! पण आवडत नाही म्हणून मी चोरून पाय कापीन?”

“ब्रश कशात धुतला?”

“घरी नेऊन धुतला. इथल्या पाण्यानं ब्रश खराब होतात.”

“तिच्या टेबलावर हत्ती होता?”

“काल मी कोणाच्याही चादरीखाली बघितलं नाही.” मग जरा थांबून, दुखावलेल्या आवाजात, “नियम नऊ कोणी लिहिलाय? मी. उंची कशी मोजायची, कुठून मोजायची, सगळं. तोच नियम मोडायला मी बसेन?”

बोलणं खरं वाटत होतं. पण खरं वाटणारं बोलणं प्रयोगशाळेत चालत नसे. हातात ब्रश, डबीत राखाडी रंग, मनात राग, आणि तक्रारही यांचीच. सत्यभामाबाईंनी घड्याळ बघितलं. अकरा वाजायला आले होते.

देवेश दारात उभा होता. सत्तावीस वर्षांचा, बारावीपासून त्यांच्या घरी वाढलेला. कन्व्हर्जनला परवानगी मिळावी म्हणून दोन वर्षं कमिटीशी भांडलेला तो एकटाच.

“तू काय बघितलंस रे काल?” त्यांनी जाता जाता विचारलं.

“काही नाही. सहाला चादरी नीट केल्या, मग ऑफिसात बसलो. सगळं जागेवर होतं, मावशी.” त्यानं हातातल्या वेळापत्रकाची गुंडाळी केली, सोडली, परत केली. “चहा पाठवू का तुला?”

५

ऑफिसचं दार लावून त्या हत्तीसमोर बसल्या.

मनात एक गोष्ट सकाळपासून ठसठसत होती. ज्याला शाइस्ताला अडकवायचं आहे त्यानं पाय कापून मोकळं व्हावं. एवढी सफाई कशाला? घड्या घातल्या होत्या, नखं कोरली होती. आणि तिला स्वतःला फसवायचं असतं तर तिनं मिलिमीटरभर कापलं असतं, जे डोळ्याला कळणार नाही. चार कशाला?

बरोब्बर चार.

त्यांनी व्हर्नियर उचललं. त्यांची रीत ठरलेली होती, नियम नऊप्रमाणे: खालचा जबडा बेसच्या वरच्या पृष्ठावर, पायाजवळ टेकवायचा, वरचा कळसाला. बेस धरायचा नाही, कारण कोणाचा जाड असतो, कोणाचा पातळ. तसं मोजलं की एकाहत्तर.

आता त्यांनी हत्ती टेबलावर ठेवला आणि जबडा थेट टेबलाला टेकवला. बेससकट मोजलं.

पंचाहत्तर.

ना कमी, ना जास्त. बेसची जाडी चार मिलिमीटर.

सत्यभामाबाई खुर्चीत मागं टेकल्या. कोणी हत्ती बुटका केलाच नव्हता. हत्ती पडला होता, पाय मोडले होते, आणि ज्यानं जोडले त्यानं जिवाचा आटापिटा करून उंची बरोबर केली होती. पंचाहत्तर. फक्त कुठून मोजायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

केशवराव सुटले. नियम त्यांचाच, ही चूक त्यांच्याकडून होणार नव्हती. शाइस्ता सुटली, तपासणीच्या दिवशी ती समोर उभी राहून बघत होती. शफीमामूही होते. कन्व्हर्जन आणणारा प्रत्येक खेळाडू समोर उभा राहून बघायचा, ही त्यांचीच शिस्त. कडुबा सुटला; त्याला पंचाहत्तर हा आकडा कुठून कळणार? मंदार तर पाच मिनिटांत गेला होता. आकडा वहीत होता आणि वही काल त्यांच्या पिशवीत, घरी.

वहीत, आणि अजून एका ठिकाणी.

लॅपटॉपवर. वहीतले सगळे आकडे टाइप करून यादी बनवणारा, आणि तपासणीच्या दिवशी ‘हे किचकट काम तुझं, मावशी’ म्हणून कधी समोर न बसलेला, असा एकच माणूस होता.

बाहेरून दारावर टकटक झाली. “मावशी, चहा.”

६

त्यानं चहा ठेवला. टेबलावर हत्ती, हत्तीला टेकलेलं व्हर्नियर, आणि त्यावरचा आकडा. देवेशनं तो वाचला. मग त्यानं दार लोटून घेतलं.

“टँकरचा पाइप बघायला खिडकीत गेलो, परत येताना चादर माझ्या बेल्टला अडकली,” तो हळूच म्हणाला. “हत्ती खाली. पुढचे पाय चुरा झाले, मावशी. तारसुद्धा वाकडी. डब्यात एम-सील होतं, रंग होता. दीड तास बसलो इथं. केशवकाका बाहेर होते, मी आवाजसुद्धा केला नाही.”

“सकाळी सांगायचंस.”

“सांगणार होतो. तिला बाजूला घेऊन सांगणार होतो. पण मी यायच्या आधी काकांनी तमाशा सुरू केला. कमिटीला मी लिहून दिलं होतं, मोहऱ्यांची जबाबदारी माझी. मी म्हणालो असतो तर काका म्हणाले असते, बघा, ही नाजूक खेळणी, हेच सांगत होतो मी.”

“आणि कडुबा?”

त्यानं चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला.

“मी तुला कडुबाबद्दल विचारलं, देवेश.”

“त्याला काढणार नाहीत. काका नुसतं बोलतात.” मग एकदम तो पुढं झाला, लहानपणी पुढं व्हायचा तसा, कोपर टेबलावर टेकवून. “मावशी, तू म्हण ना, की लिहिताना चूक झाली. एकाहत्तरच होतं, चुकून पंचाहत्तर लिहिलं. शाइस्ता वाचते, कडुबा वाचतो. कोणाचंच नुकसान नाही. तुझ्या एका आकड्यावर कोण काय म्हणणार?”

सत्यभामाबाईंनी चहाची बशी सरळ केली. ते म्हणणं सोपं होतं, हे त्यांना कळत होतं. चार शब्द. घरी जाऊन वरण-भात, आणि हा पोरगा समोरच्या खुर्चीवर. बहिणीला काही कळायलाही नको.

“कंपनीचा मूळ मोहरा पंचाहत्तरचा आहे. मी एकाहत्तर पाहून पास केला असं म्हटलं तर तो हत्ती तरीही बाद. आणि माझी सही असलेला प्रत्येक मोहरा खोटा. तिचे एकतीस, बाकीच्यांचे वीस-बावीस.” त्यांनी वही मिटली. “बारा वाजता मी बोलणार आहे. त्याआधी तू बोललास तर बरं होईल.”

“नाही बोललो तर?”

“मी म्हटलं ना, मी बोलणार आहे.”

 देवेश दार उघडून गेला. चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

७

बाराला सगळे जमले. केशवराव मध्ये, हातात ठरावाचा कागद. कडुबाला जिन्यातून वर बोलावून भिंतीशी उभं केलं होतं, टोपी हातात. देवेश मागच्या खिडकीपाशी होता. सत्यभामाबाईंनी पाच मिनिटं वाट बघितली. तो हलला नाही.

मग त्यांनी हत्ती टेबलावर ठेवला.

“मी आधी तुम्हाला दोनदा मोजून दाखवते,” त्या म्हणाल्या, आणि दाखवलं. बेसच्या वरून एकाहत्तर. टेबलापासून पंचाहत्तर. केशवराव इतके वाकले की चष्मा घसरला.

“म्हणजे…” केशवराव म्हणाले.

“म्हणजे हा कोणी कापला नाही. मोडला आणि जोडला. ज्यानं जोडला त्याला आकडा माहीत होता, मोजायची रीत माहीत नव्हती. शाइस्ताला रीत माहीत. केशवराव, तुम्हाला तर आहेच. कडुबाला आकडा माहीत नाही. मंदारला तेवढा वेळच नव्हता.” त्यांनी पायावरची भुकटी दाखवली, बोअरच्या पाण्याची गोष्ट सांगितली, तुळशीची सांगितली. कडुबानं मान वर केली.

“मग उरलं कोण?” मंदारनं विचारलं.

सत्यभामाबाईंना वाटलं होतं, इथवर आल्यावर तो पुढं येईल. त्यांनी मोजून चार श्वास घेतले. खिडकीकडं बघितलं नाही.

“आकड्यांची यादी टाइप करणारा,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरी राहतो तो.”

सगळी डोकी खिडकीकडं वळली.  मग मागून देवेशचा आवाज आला.

“मी पाडला. मीच जोडला. शाइस्ता, मी सकाळी सांगायला हवं होतं.”

शाइस्ता त्याच्याकडं वळली. “देवेशभाई, तुम्ही तीन तास तिथं उभे होता. मला चोर म्हणत होते तेव्हा तुम्ही तिथंच उभे होता.”

“हो.”

“पडला असता ना हातातून, मी काही म्हटलं नसतं. माझ्याच हातून तीनदा पडलाय.”



शफीमामूंनी मध्ये हात घातला. “बस करा. दोनला सामना आहे, आणि हत्ती लंगडा आहे. केशवरावसाहेब, दुरुस्तीला परवानगी आहे का नियमात?”

केशवरावांनी ठरावाचा कागद उलटसुलट केला. “नियम बारा. सामन्याआधी, तपासनिसासमोर.”

मामूंनी खिशातून चांदीच्या तारेचं वेटोळं काढलं. बॅटरीच्या पाण्याची बाटली शाइस्ताच्या पर्समध्ये होतीच. देवेशला त्यांनी समोर बसवलं, शिक्षा म्हणून नव्हे, चिमटा धरायला माणूस हवा होता म्हणून. “हात हलवू नका, मियाँ. काल बरा जोडला होता तुम्ही. माप चुकलं.” तासाभरात पुढचे पाय उभे राहिले.

“आता मोजा, मावशी,” शाइस्ता म्हणाली.

“मी नाही.” सत्यभामाबाईंनी व्हर्नियर टेबलावर ठेवलं. “मोडणारा माझ्या घरचा. आज माझ्या मापाला अर्थ नाही. केशवराव, तुम्ही मोजा.”

केशवराव कुरकुरले. व्हर्नियर घेतलं, डोळ्याजवळ नेलं, बेसच्या वर टेकवलं. पंचाहत्तर. परत मोजलं. अत्तराच्या टोपणावरची तारेची वेल त्यांनी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितली असावी, कारण ते मोजून झाल्यावरही वाकलेलेच राहिले.

“ही वेल ठोकलीय की चिकटवलीय?” त्यांनी विचारलं.

“ठोकलीय,” शफीमामू म्हणाले. “हातानं.”

“हं.” केशवरावांनी हत्ती उलटा केला. बेसखाली सत्यभामाबाईंच्या सहीशेजारी जागा थोडी होती. त्यांनी बारीक अक्षरात, बँकेतल्या पद्धतीनं पूर्ण नाव आणि तारीख घातली. मग ठरावाचा कागद चौघडी करून खिशात टाकला. “तक्रार खरी निघालेली नाही. कन्व्हर्जन राहतील. सामना वेळेवर सुरू करा.”

मंदारनं पहिली टाळी वाजवली, मग इतरांनी. शाइस्ता सैन्य मांडायला लागली. देवेश तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

“शाइस्ता, माफी…”

“दोन वाजलेत. सामना झाल्यावर बोलू.” तिनं मान वर केली नाही, हत्ती जागेवर सरकवला. “आणि माझ्याआधी कडुबाकाकांना भेटा. त्यांची नोकरी जात होती.”

कडुबा केव्हाच खाली गेला होता. देवेशनं मावशीकडं बघितलं, बरोबर चल म्हणावं तसं. सत्यभामाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

तो एकटाच जिना उतरला. त्यांनी खुर्ची ओढली, शाइस्ताच्या बाजूला बसल्या, आणि पहिला फासा टाकायची वाट बघू लागल्या.